मालकाकरिता

माणूस जिवंत आहे की नाही, हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. दचकू नका, मी डॉक्टर नाही. पेन्शनच्या कचेरीत हयातीच्या दाखल्यांच्या टेबलावर गेली एकोणीस वर्षं बसतो. पेन्शनर मंडळी वर्षातून एकदा येतात, समोर सही करतात, मी ती जुन्या सहीशी ताडून बघतो आणि 'हयात' असा शिक्का मारतो. शिक्का पडला नाही, तर माणूस समोर खोकत उभा असला तरी कागदोपत्री गेलेलाच. अशा टेबलावरच्या माणसाने एका मेलेल्या गृहस्थाच्या नावापुढे आपल्या हाताने सही करावी, ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही. तरी सांगतो, कारण न सांगता बरेच दिवस काढले आणि त्याची आता मलाच खाज सुटली आहे.

सुरुवात आवाजाने झाली. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर घड्याळजींचं घर. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल टाकून ते घड्याळं दुरुस्त करत. अकरा महिन्यांपूर्वी ते वारले. मुलगा लांबच्या देशातून आला, चार दिवस राहिला, दाराला कुलूप लावलं, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे दिली आणि गेला. घड्याळजींचा कुत्रा कुठे ठेवायचा हे कुणी कुणाला विचारलं नाही, म्हणून तो जिन्याखाली विजेच्या मीटरच्या पेटीशेजारी राहायला लागला. त्याचं नाव लंबक. शेपटी एकसारखी हलायची म्हणून घड्याळजींनीच ठेवलेलं. ते गेल्यापासून ती हलायची थांबली होती.

तर आवाज. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला खालून यायचा. खर्र, खर्र, खर्र. तीनदा, मग जरा थांबून पुन्हा तीनदा. घड्याळजी बारीक कानस चालवायचे तेव्हा असंच करायचे, तीन हात मारायचे, फुंकर घालायची, पुन्हा तीन हात. हे पहिल्यांदा पहिल्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या काकूंनी ओळखलं.

"भाऊ, ऐकलंत ना?" त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या. "घड्याळजी कामाला बसलेत."

"काकू, माणूस जाऊन अकरा महिने झाले."

"तेच म्हणते मी. एवढे दिवस कुठे होते?"

मी सरकारी नोकर. प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय मत देत नाही. दुसऱ्या दिवशी खाली जाऊन पाहिलं तर लंबक बंद दाराला अंग घासत होता. अंगावर केस असे उरलेच नव्हते. कातडी करडी, जाड, सुरकुतलेली, कोपरांवर भेगा, कानांच्या कडांना खपल्या, आणि त्या सगळ्यातून ओल्या पोत्यासारखा वास. मला पाहून तो घासायचा थांबला. तो थांबल्यावर आणखी एकदा खर्र झालं. इमारत जुनी आहे, आवाज जरा उशिरा पोहोचतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि वर आलो.

"तुम्ही शब्द दिला होता," बायको म्हणाली.

हे मात्र खरं. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात घड्याळजींनी माझं मनगट धरलं होतं आणि म्हणाले होते, "लंबककडे बघाल ना?" आणि मी म्हणालो होतो, "अहो, त्याची काळजीच सोडा." आपण कुणाला "या एकदा घरी" म्हणतो ना, त्याच सुरात. त्यानंतर अकरा महिने मी नाकाला रुमाल लावून त्या कुत्र्याला वळसा घालून जात होतो. मला त्याची लाज वाटत होती आणि लाज वाटते म्हणून मी आणखी लांबून जात होतो.

शेवटी सोसायटीची सभा झाली. आमचे सेक्रेटरी नियमाचा माणूस. त्यांच्या तोंडून 'नमस्कार'सुद्धा पोटकलमासकट येतो. त्यांनी ठराव वाचला. कुत्र्याला संसर्गजन्य त्वचारोग आहे, सबब त्याचा रोग गेला असं डॉक्टरांचं पत्र एक महिन्यात न आल्यास पालिकेच्या गाडीला कळवण्यात यावं. त्या गाडीतून गेलेलं कुणी परत आल्याचं आमच्याकडे ऐकिवात नाही. "कुत्र्याची जबाबदारी कोण घेतं?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मी दाखवतो डॉक्टरला." आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता. टाळ्या पडल्या. सभेत आपल्यासाठी टाळ्या पडल्या की समजावं, आपला बकरा झाला.

डॉक्टरकडे जाण्याआधी शेजारधर्म आडवा आला. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त बॉयलर इन्स्पेक्टर राहतात. त्यांनी मला वर बोलावून दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात उपाय सांगितला. गाडीचं वापरून काळं झालेलं इंजिन ऑइल. अंगभर चोपडायचं. "बॉयलरचा गंज जातो, तिथे खरूज म्हणजे काय?" ते म्हणाले. मला मुद्दा पटला. मध्यमवर्गीय माणसाला फुकटात मिळणारं औषध नेहमीच पटतं. रविवारी सकाळी मी हातात पिशव्या घालून लंबकला ऑइल चोपडलं. तो हू की चू न करता उभा राहिला. एकदा फक्त वळून त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला कचेरीतला तो म्हातारा आठवला, ज्याला मी एकदा सही जुळत नाही म्हणून परत पाठवलं होतं.

दुपारी बघतो तो जिनाभर काळ्या पावलांचे ठसे. हे होणारच होतं. पण ते पुसत पुसत मी खाली आलो, तसा घड्याळजींच्या दारापाशी थबकलो. ठसे सरळ दाराकडे गेले होते. शेवटचा ठसा उंबऱ्यावर होता आणि तो अर्धाच होता. पुढचा अर्धा दाराच्या पलीकडे असल्यासारखा. दार बंद, कुलूप जागेवर. परत फिरल्याचा ठसा एकही नाही. लंबक मात्र जिन्याखाली आपल्या पोत्यावर बसलेला. मी तो अर्धा ठसा आधी पुसला आणि बाकीचे नंतर. जिना घाण केल्याबद्दल सेक्रेटरींची लेखी सूचना संध्याकाळी आलीच.

सोमवारी मी रजा टाकली आणि लंबकला जुन्या चादरीत गुंडाळून, ओळखीच्या टेम्पोत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे केसपेपर काढायला एक खिडकी, तो तपासून घ्यायला दुसरी, आणि दुसऱ्या खिडकीला पहिल्या खिडकीचं अक्षर लागत नाही म्हणून पुन्हा पहिली. मी स्वतः खिडकीच्या आतल्या बाजूचा माणूस. बाहेरून ती एवढी उंच असते हे मला त्या दिवशी कळलं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका आजोबांनी मला ओळखलं. "साहेब, मी अजून आहे बरं का," ते हात जोडून म्हणाले. मी बरं म्हटलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि जिभेला धार. ऑइलचा वास येताच त्यांनी विचारलं, "हे कुणी केलं?"

"शेजाऱ्यांनी सुचवलं."

"शेजाऱ्यांना लावून बघितलंत का आधी? कातडीतून विष जातं हे आत. आधीच अर्धमेलं आहे जनावर."

मग त्यांनी लंबकला साबणाने धुतलं, पातं घेऊन त्याच्या कोपराची कातडी खरवडली, काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. मी डोळा लावला. एक गोलसर, पारदर्शक, आठ पायांचा जीव अगदी सावकाश पाय हलवत होता. घाई कसली ती नाही. घर त्याचंच असल्यासारखा. मला त्याच क्षणी मानेवर, पाठीवर, आणि सांगता येणार नाही अशा दोन ठिकाणी खाज सुटली. ती पुढे सहा दिवस होती. बायको मला दारातच कपडे बदलायला लावायची.

"हे किडे कातडीत बोगदे करतात," बाई सांगायला लागल्या. "शरीर त्यांच्यावर चिडतं आणि त्यांना जाळायला आतून आग लावतं. पण आग काय किडे बघून जाळते? घरही जळतं. ती आग विझवायचा जो साठा रक्तात असतो, तो याचा संपत आलाय. याला आम्ही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतो. माझा अभ्यास त्यावरच आहे. साधं सांगायचं तर तुमचा कुत्रा आतून गंजतोय."

घड्याळजी पण असंच म्हणायचे. घड्याळ बाहेरून बिघडत नाही, आतून गंजतं, आणि किल्ली द्यायला कुणी नसलं की लवकर गंजतं.

"किडे मारायची गोळी मी देते, आज आणि चौदा दिवसांनी. पण तेवढ्याने हा वाचेल असं नाही. ही कॅप्सूल आग विझवायला. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, अठ्ठावीस दिवस, एकही चुकवायची नाही. तीनदा रक्त घेणार, आज, मधे आणि शेवटी. त्यात सगळं दिसतं. माझ्या अभ्यासात घेतलं तर औषध दवाखान्याचं. फक्त मालकाची संमती पाहिजे." त्यांनी फॉर्म पुढे केला.

मालक. आता बघा, मी इतकी वर्षं लोकांच्या सह्यांवर जगलो आहे. सही म्हणजे काय चीज असते ते मला ठाऊक आहे. एकदा मालक म्हणून सही केली की कुत्रा चावला तरी आपण, मेला तरी आपण. मी त्याला दवाखान्यात आणणारा एक सज्जन शेजारी होतो, आणि सज्जन शेजारी एवढंच राहायची माझी इच्छा होती. म्हणून मी मालकाच्या रकान्यात घड्याळजींचं नाव घातलं. पत्ता तळमजल्याचा. फोन नंबर त्यांच्या दारावरच्या 'घड्याळ दुरुस्ती'च्या पाटीवरचा, तो तोंडपाठ होता. आणि सहीच्या जागी हात आपोआप चालला. 'करिता' असं लिहिलं आणि खाली माझी सही ठोकली.

यात फसवाफसवी काही नव्हती, ही कचेरीची रीत आहे. साहेब जागेवर नसले की 'करिता' लिहून सही करायची. साहेब जेवायला गेलेत, साहेब बैठकीत आहेत, साहेब आहेत पण झोपलेत. एकोणीस वर्षांत मी अर्ध्या खात्याकरिता सह्या केल्या आहेत. फरक एवढाच, की हे साहेब जागेवर परत येणार नव्हते. असं निदान मला वाटलं होतं.

कॅप्सूलच्या पट्ट्या मी मीटरच्या पेटीवर ठेवल्या. सकाळची कॅप्सूल मी फिरायला जाताना द्यायचो. कचेरीतून यायला मला साडेसहा होतात, त्यामुळे संध्याकाळची बायको देत असणार हे मी धरून चाललो. पट्टीतली एक कॅप्सूल रोज कमी झालेली असायची. संसार असाच चालतो. विचारलं की काम आपल्या गळ्यात पडतं, म्हणून मी विचारलं नाही. लंबक खायला लागला. दहाव्या दिवशी त्याच्या कपाळावर, डोळ्यांच्या मधोमध, बारीक तांबूस लव दिसली. मी ती शिवणकामवाल्या काकूंना, टेम्पोवाल्याला आणि कचेरीत दोन पेन्शनरांना वर्णन करून सांगितली.

चौदा दिवसांनी मी त्याला पुन्हा नेलं. रक्त घेताना डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, "तुमच्या मालकांशी बोलणं झालं परवा."

"कुणाशी?"

"याच्या मालकांशी. फॉर्मवर नंबर होता, आठवण द्यायला फोन केला. फार हळू बोलतात हो. मागे घड्याळांची टिकटिक एवढी, की नीट ऐकूही येईना. पण संध्याकाळचा डोस वेळेवर पोहोचतो म्हणाले."

मी लंबककडे बघितलं. लंबक माझ्याकडे बघत होता. घरी येईपर्यंत टेम्पोत मी त्याच्यापासून जरा सरकूनच बसलो.

"संध्याकाळची कॅप्सूल तू देतेस ना?" घरात पाऊल टाकताच मी बायकोला विचारलं.

"मी? अहो, मला वाटलं तुम्ही येता येता देता."

आम्ही दोघं खाली गेलो आणि पट्टी उजेडात धरून पाहिली. सकाळच्या जागा माझ्या होत्या. अंगठ्याने दाबून फाडलेल्या, चंदेरी कागद लोंबतोय, एकूण माझ्या सगळ्या कामांसारख्या. संध्याकाळच्या जागांवर मात्र कागदाचा चौकोन कापून काढलेला होता. चारी बाजू सरळ, कोपरे नेमके, कुठे सुरकुती नाही. असं काम भिंग डोळ्याला लावूनच होतं. बायकोने माझा दंड धरला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तिने तो असा धरला नव्हता.

"सेक्रेटरींकडून किल्ली आणा," ती म्हणाली.

सेक्रेटरींनी किल्ली द्यायला साफ नकार दिला. नियमात बसत नाही म्हणाले. मी फोनचं सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते पायात चपला सरकवून आमच्याबरोबर आले आणि त्यांनी स्वतः कुलूप उघडलं.

आत सगळी घड्याळं चालू होती. भिंतीवर, भिंतीतल्या कपाटात, तीसेक तरी असतील, आणि सगळ्यांत पाच वाजून बावीस मिनिटं. माझ्या हातातल्या घड्याळातही तेवढेच वाजले होते. अकरा महिने बंद असलेल्या घरात. जमिनीवर धुळीचा थर आणि त्या थरावर दारापासून भिंतीपर्यंत चपलांची एक पायवाट. लंबक आमच्या मागून आत आला आणि टेबलाखाली जाऊन बसला.

"मीच आहे तो," सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"कोण?"

"घड्याळांना किल्ली देणारा. आठ दिवसांनी द्यावी लागते. त्यांनी मला सांगितलं होतं, थांबू देऊ नका. मी हो म्हटलं. आता सभेत कसं सांगणार, बंद घरात सेक्रेटरी शिरतो म्हणून? माझाच नियम आहे तो." त्यांनी चष्मा पुसला. "परवा किल्ली देत होतो आणि फोन वाजला. बाई म्हणाल्या, कुत्र्याचे मालक का? संध्याकाळचा डोस वेळेवर पोहोचतो ना? मी मेल्याचं सांगणार होतो, पण ती घड्याळं अशी चाललेली, तसं म्हणवेना. म्हटलं, हो, डोस पोहोचतो."

माझ्या जिवात जीव आला. बायको तर चक्क हसली.

"म्हणजे कॅप्सूल तुम्हीच देता तर," मी म्हणालो.

"मी?" सेक्रेटरी एक पाऊल मागे सरले. "अहो, लहानपणी मला कुत्रा चावलाय, चौदा इंजेक्शनं घेतलीत पोटात. मी त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. ठराव काय मी उगीच आणला? ते तर तुम्ही देता ना?"

बायकोने खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीपाशी घड्याळजींचं टेबल होतं. टेबलावर सुटे भाग ठेवायची छोटी तबकडी. तिच्यात चंदेरी कागदाचे चौकोन एका ओळीत मांडलेले होते. बायकोने लांबूनच मोजले. चौदा. टेबलापर्यंत धुळीवर आमच्यापैकी कुणाच्याही पावलाची खूण नव्हती.

"परवा हे नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी पोटकलम सांगितलं नाही.

आता पहारा देणं भाग होतं. माझं काम असल्या गोष्टींची शहानिशा करणं आहे. मेलेला माणूस सही करत असेल तर तो माझ्या खात्याचा विषय होतो. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पावणेसहालाच मीटरच्या पेटीशेजारी स्टूल टाकून बसलो. जिन्याखाली खिडकी नाही, वरचा दिवा तेवढा. घड्याळजींच्या घरात सहाचे ठोके सुरू झाले आणि दिवा गेला. विजेच्या मीटरला टेकून बसावं आणि वीज जावी, यापरता अपमान नाही. मी स्टूल दोन्ही हातांनी धरून बसून राहिलो. काळोखात माझ्या कानापासून हातभर अंतरावर कात्रीचा आवाज झाला. टिक. जरा थांबून टिक. असे चार. मशीन ऑइलचा बारीकसा वास आला, जो घड्याळजींच्या बोटांना कायम असायचा. आणि मग टप, टप, टप असा जमिनीवर काहीतरी आपटल्याचा आवाज. तो कसला ते मला लगेच कळलं. लंबकची शेपटी होती.

दिवा आला. पट्टीत एक चौकोन नव्याने कापलेला होता, लंबक जिभल्या चाटत होता. मी स्टूल उचललं आणि वर आलो. पुन्हा पहारा दिला नाही. तेवढा मी शूर नाही, आणि लाजही वाटत होती. जे काम मी हो म्हणून केलं नव्हतं, ते दुसऱ्या कुणाला येऊन करावं लागत होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही शेवटच्या तपासणीला गेलो. दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, आणि पालिकेची गाडी आमच्या गल्लीत आधीच दोनदा चक्कर मारून गेली होती. लंबकच्या अंगावर आता आखूड केस होते. डॉक्टरीणबाईंनी चार ठिकाणी कातडी खरवडली, काचा पाहिल्या, एकही किडा नाही म्हणाल्या. रक्ताचा कागद दुपारी आला. त्यांनी तो माझ्यासमोर पसरला आणि पहिल्या दिवसाचा कागद शेजारी ठेवला.

"हा बघा साठा. पहिल्या दिवशी तळाला. आज निरोगी कुत्र्याइतका. सकाळ-संध्याकाळ न चुकता दिल्याशिवाय हे होत नाही. बावीस कुत्रे आहेत माझ्याकडे, बाकी सगळ्यांचे मालक डोस विसरलेत आणि दिला म्हणून सांगतात. पण रक्त खोटं बोलत नाही. एवढा शिस्तीचा मालक हा एकच. मला त्यांना भेटायचंय."

मी म्हणालो, "ते वारले."

"अरेरे. कधी?"

"वर्ष होईल आता."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग संध्याकाळचे डोस कोणी दिले?"

"माहीत नाही."

"फोनवर कोण होतं?"

"आमचे सेक्रेटरी."

"आणि ही सही?"

"माझी," मी म्हणालो. "करिता."

मी पुष्कळांना टेबलापलीकडे अवघडलेलं पाहिलं आहे. त्या दिवशी पलीकडे मी होतो. बाई ओरडल्या नाहीत, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ही संमती रद्द, हा कुत्रा अभ्यासातून बाद, त्यांच्या हातातला सगळ्यात चांगला कागद फुकट. आणि रोगमुक्तीचं पत्र मालकाच्या नावे निघतं. मालक नसलेल्या जनावराला पत्र देता येत नाही.

"नियम आहे," त्या म्हणाल्या. "या कुत्र्याला जिवंत मालक आहे का, एवढंच सांगा."

लंबक टेबलावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो दाराकडे बघत होता. अकरा महिने मी त्याच्या बाजूने जात असताना तो असाच दाराकडे बघत बसायचा, आणि मला वाटायचं की हा माझ्यावर रागावलाय. तो रागावला नव्हता. त्याने माझा हिशेब कधी धरलाच नव्हता. हे कळल्यावर जे झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण डोळे भरून आले, डॉक्टरीणबाईंच्या समोर, रजेच्या दिवशी, पन्नाशीच्या माणसाचे.

"आहे," मी म्हणालो. "फॉर्म द्या."

नाव माझं घातलं. पत्ता दुसऱ्या मजल्याचा. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि सवयीने 'क' उमटू लागला. मी हात आवरला, त्याच्यावरूनच सही केली. बाईंनी ती जुन्या फॉर्मवरच्या सहीशी शेजारी धरून नीट ताडून पाहिली, अगदी मी बघतो तशी, आणि पत्रावर शिक्का मारला.

सेक्रेटरींनी पत्र जिन्यातच वाचलं. मालकाच्या नावापाशी थांबले. "उशीर केलात," म्हणाले, आणि पत्राची घडी घालून खिशात ठेवली. ते कुत्र्यापासून चार हात लांब उभे होते. पूर्वी दहा असायचे.

सहाला पाच कमी होते. डॉक्टरीणबाईंनी आणखी आठ दिवसांच्या कॅप्सूल दिल्या होत्या. मी नवी पट्टी मीटरच्या पेटीवर ठेवली आणि शेजारी उभा राहिलो. आत सहाचे ठोके पडले. दिवा गेला नाही. कात्री वाजली नाही. लंबक दाराकडे बघत राहिला, मी पट्टीकडे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पट्टी जशीच्या तशी होती.

मी वर जाऊन बायकोची नखं कापायची कात्री आणली. चौकोन कापायचा खूप प्रयत्न केला. एक बाजू तिरकी गेली, कोपरा फाटला, कॅप्सूल हातातून निसटून जमिनीवर घरंगळली. ती फुंकून तळहातावर ठेवली आणि हात त्याच्यापुढे धरला. लंबकने एकदा बंद दाराकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. सव्वासहा वाजून गेले होते. घड्याळजींनी एवढा उशीर कधी केला नसता, पण त्याने सांभाळून घेतलं.